ग्रामीण प्राथमिक आरोग्यसेवा आणि ‘रुग्णसमाधान’ : एका मापनाची चिकित्सा

प्रस्तावना

आरोग्यसेवेचे मूल्यमापन करताना रुग्णाचे मत विचारात घेतले पाहिजे, हा विचार आज सर्वमान्य झाला आहे. अ‍ॅवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेची रचना, प्रक्रिया आणि फलित या तीन अंगांनी मांडणी केली. पुढे रुग्णाचे समाधान हेही सेवेच्या फलितांपैकी एक मानले जाऊ लागले. भारतात २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यानंतर हा विषय महाविद्यालयीन संशोधनातही स्थिरावला. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य, व्यवस्थापन अशा विविध विभागांतून या विषयावर प्रकल्प व प्रबंधिका सादर होत असतात.

या अभ्यासांची धाटणी परिचित आहे. एक प्राथमिक आरोग्य केंद्र निवडावयाचे, बाह्यरुग्ण विभागातून बाहेर पडणाऱ्या शंभरेक रुग्णांकडून पाच बिंदूंच्या मापनीवर उत्तरे घ्यावयाची आणि अखेरीस ‘बहुसंख्य रुग्ण सेवेबाबत समाधानी आहेत’ असा निष्कर्ष नोंदवावयाचा. हा निष्कर्ष खोटा नसतो. परंतु तो ज्या गोष्टीविषयी आहे असे आपण मानतो, त्या गोष्टीविषयी तो नसतो. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याची चिकित्सा केली आहे.

‘समाधान’ या शब्दाचा प्रश्न

बहुतेक प्रश्नावल्या इंग्रजीतून मराठीत आलेल्या आहेत. मूळ शब्दाचा रोख सेवेकडे आहे : अपेक्षिलेले मिळाले किंवा नाही. मराठीतील ‘समाधान’ हा शब्द मात्र मुख्यतः मनाच्या स्थितीविषयी बोलतो. संतपरंपरेने घडविलेल्या ग्रामीण मनात समाधान हा माणसाचा गुण आहे. असमाधानी असणे हे काहीसे उणेपणाचे लक्षण समजले जाते. ‘आपण समाधानी आहात काय?’ असे विचारल्यावर एखादी वृद्ध शेतमजूर स्त्री ‘हो, बरं आहे’ असे म्हणते, तेव्हा ती औषधाच्या खिडकीविषयी बोलत असते की स्वतःच्या स्वभावाविषयी, हे ठरविणे कठीण आहे. प्रश्नावलीत मात्र ते उत्तर ‘पूर्णतः समाधानी’ या रकान्यात जाऊन बसते.

याला दुसरीही बाजू आहे. प्रश्न विचारणारा शिकलेला असतो, हातात कागद असतो आणि मुलाखत केंद्राच्या आवारातच चाललेली असते. त्याच आरोग्य सेविकेकडे पुढच्या महिन्यात बाळाच्या लसीकरणासाठी यावयाचे असते. अशा ठिकाणी तक्रार करणे शहाणपणाचे नाही, हे उत्तर देणाऱ्याला नीट ठाऊक असते. संशोधनाच्या परिभाषेत आपण याला प्रतिसादातील पूर्वग्रह म्हणतो. गावाच्या भाषेत तो व्यवहार होय.

अपेक्षेची पातळी

समाधान हे मिळालेल्या सेवेइतकेच अपेक्षेवर अवलंबून असते. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये याकडे लक्ष वेधले होते. केरळात आयुर्मान अधिक, तरीही लोकांनी स्वतः सांगितलेल्या आजारपणाचे प्रमाणही अधिक; बिहारात आयुर्मान कमी आणि सांगितलेले आजारपणही कमी. शिक्षण व आरोग्यसेवा यांचा जेथे प्रसार झाला आहे, तेथे माणूस आपला आजार ओळखतो आणि बोलून दाखवितो. जेथे तो झालेला नाही, तेथे दुखणे हेच नेहमीचे वाटू लागते.

महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रारी सांगितल्या होत्या. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक आजार असल्याचे आढळले. यापूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ज्या सेवेची गरजच उच्चारली जात नाही, तिच्या अभावाबद्दल असमाधान कोठून व्यक्त होणार? त्याच गावांत केवळ समाधानाची प्रश्नावली फिरविली असती, तर हे दुखणे त्या कागदांवर उमटले नसते.

न आलेला रुग्ण

मानकांनुसार सपाट प्रदेशात ३०,००० व डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. बाह्यरुग्ण विभागात एखाद्या दिवशी भेटणारे रुग्ण हे या लोकसंख्येचे प्रतिनिधी नव्हेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) ग्रामीण भारतात उपचार घेतलेल्या आजारांपैकी सुमारे एक-तृतीयांश आजारांसाठीच लोक शासकीय सेवेकडे गेले होते. उरलेले खासगी दवाखान्याकडे किंवा अन्यत्र वळले. ज्याने दोनदा येऊन दार बंद पाहिले आणि तिसऱ्यांदा तालुक्याच्या खासगी डॉक्टरांकडे वाट वळविली, तो आपल्या नमुन्यात येतच नाही. परिणामी, सर्वाधिक असमाधानी व्यक्ती अभ्यासातून आधीच वगळली जाते आणि टिकून राहिलेल्यांचे मत सर्वांचे मत म्हणून मांडले जाते.

समाधान आणि गुणवत्ता

रुग्णाला जे आवडते ते वैद्यकीयदृष्ट्या योग्य असतेच असे नाही. साध्या सर्दीतापाला सुई टोचली वा सलाईन लावले, की ‘डॉक्टरांनी लक्ष दिले’ अशी भावना होते. गरज नसताना इंजेक्शन नाकारणारा प्रामाणिक वैद्यकीय अधिकारी मापनीवर खाली जाण्याची शक्यता असते. जिष्णू दास व सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशाच्या ग्रामीण भागात वेगळी पद्धत वापरली. ठरावीक लक्षणे सांगण्याचे प्रशिक्षण दिलेल्या व्यक्ती रुग्ण म्हणून पाठवून त्यांनी डॉक्टरांनी कोणते प्रश्न विचारले, काय तपासले, कोणते औषध दिले हे नोंदविले. त्यांच्या २०१६ च्या अभ्यासात असे दिसले, की शासकीय नोकरी व खासगी व्यवसाय दोन्ही करणारे तेच डॉक्टर आपल्या खासगी दवाखान्यात रुग्णासाठी अधिक परिश्रम घेतात. ही तफावत सामान्य रुग्णाला उमगण्याजोगी नाही; कारण काय विचारावयास हवे होते, हेच त्याला माहीत नसते.

मग रुग्णाचे मत निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. किती वेळ थांबावे लागले, डॉक्टर जागेवर होते काय, औषधाची चिठ्ठी बाहेर पाठविली काय, पैसे मागितले काय, तपासणीच्या वेळी आडोसा होता काय, कोणत्या शब्दांत बोलले गेले. या गोष्टींचा साक्षीदार रुग्णाइतका अन्य कोणी नाही. रुग्ण हा सेवेचा परीक्षक म्हणून अपुरा असला, तरी साक्षीदार म्हणून अव्वल आहे. आपल्या प्रश्नावल्या मात्र त्याला साक्ष विचारीत नाहीत, निकाल विचारतात.

ऐकण्याच्या दुसऱ्या रीती

महाराष्ट्रात याचा एक महत्त्वाचा प्रयोग झाला आहे. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातच चर्चा करून सेवांविषयी माहिती जमविण्यात आली आणि जनसुनवाईत लोकांनी अनुभव मांडावयाचे व अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष उत्तर द्यावयाचे, अशी पद्धत स्वीकारण्यात आली. येथे मत टक्केवारीत विरून जात नाही. त्याला उत्तरदायित्वाची जोड मिळते. एकटा रुग्ण जे बोलण्यास कचरतो, ते गाव मिळून बोलते.

‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत रुग्णालय उभारताना आदिवासींना मोठ्या इमारतीची भीती वाटते हे आधी ऐकून घेतले. रुग्णालयाची रचना झोपड्यांच्या वस्तीसारखी केली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. हे शासकीय केंद्र नव्हे. तथापि सेवा उभी राहण्यापूर्वी लोकांना विचारणे आणि सेवा झाल्यावर शेरा घेणे यांतील अंतर त्यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की ग्रामीण प्राथमिक आरोग्यसेवेतील उच्च समाधान हे अनेकदा सेवेच्या गुणवत्तेपेक्षा अपेक्षेच्या मर्यादेचे निदर्शक असते. मार्गदर्शक प्राध्यापकांनी या विषयावरील प्रकल्पांना मान्यता देताना किमान चार पथ्ये पाळावीत : मुलाखत केंद्राच्या आवाराबाहेर, शक्यतो घरी घ्यावी, केंद्रात न येणाऱ्या कुटुंबांचा नमुन्यात समावेश असावा, भावनेऐवजी घडलेल्या गोष्टी विचाराव्यात, आणि मिळालेली उत्तरे केंद्रातील औषधसाठा, रिक्त पदे व नोंदवह्या यांच्याशी ताडून पाहावीत.

हा प्रश्न केवळ संशोधनपद्धतीचा नाही. ‘रुग्ण समाधानी आहेत’ हे वाक्य एकदा अहवालात गेले, की रिक्त पदाविषयी वा संपलेल्या औषधाविषयी विचारणा करण्याचे कारण उरत नाही. सोसण्याची सवय झालेल्या माणसाचे मौन संमती म्हणून नोंदविण्याचे काम विद्यापीठीय संशोधनाकडून होऊ नये, एवढी दक्षता आपण घेतलीच पाहिजे.