सेवा कोणी सांगावी?

आमच्या समाजात सेवेवर जेवढे लिहिले जाते, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या विषयावर लिहिले जात असेल. धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका उघडावी, व्रतस्थ भगिनींच्या रौप्यमहोत्सवाचा विशेषांक चाळावा, किंवा एखाद्या धर्मगुरूंच्या निधनानंतर आलेले श्रद्धांजलीपर लेख वाचावेत. सर्वत्र हाच शब्द भेटतो. देवाची सेवा आणि माणसाची सेवा हे ख्रिस्ती जीवनाचे दोन हात आहेत, असे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आणि ते खरेच आहे. परंतु एखादे सत्य वारंवार उच्चारले गेले म्हणजे त्याचे साहित्य होते असे नाही. सेवेविषयीचे आपले लेखन वाङ्मय म्हणून कसे आहे, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. तो येथे थोडा करावा, असे आम्हांस वाटते.

या लेखनाची काही ठरीव वळणे आहेत. चरित्रनायक बालपणापासूनच कनवाळू असतो. तो ‘दीनदुबळ्यांचा कैवारी’ असतो, ‘प्रसिद्धीपराङ्मुख’ असतो (आणि हे सांगण्यासाठी चार पाने व दोन छायाचित्रे खर्ची पडतात), आणि शेवटी तो ‘चंदनासारखा झिजतो’. चंदन हल्ली देवघरातसुद्धा बाटलीतून येते. सहाणेवर खोड उगाळणारा हात आता किती वाचकांनी पाहिला असेल, ही शंकाच आहे. पण प्रतिमा शिळी झाली ही आमची मुख्य तक्रार नाही. मुख्य तक्रार अशी, की या लेखांत सेवा करणाऱ्याचे नाव, गाव, शिक्षण, पदे आणि पुरस्कार सर्व काही असते. ज्याची सेवा झाली त्याचे मात्र काहीच नसते. तो ‘एक गरीब’ असतो, ‘एक म्हातारी’ असते, ‘काही आदिवासी बांधव’ असतात. तो बोलत नाही. बोललाच तर केवळ आभार मानतो. त्याला राग येत नाही, संकोच वाटत नाही, दिलेल्या वस्तूत खोट दिसत नाही. लेखातले त्याचे काम एकच, दात्याला दाता ठरविणे.

नाव न देण्यामागे त्याची लाज राखण्याचा हेतू असू शकतो आणि तो हेतू चांगलाच आहे. परंतु नाव झाकणे वेगळे आणि माणूस पुसून टाकणे वेगळे.

संत मत्तयाच्या २५व्या अध्यायातील न्यायनिवाड्याचे दृश्य सेवेवरील प्रत्येक प्रवचनात येते. भुकेल्यांना अन्न, तान्हेल्यांना पाणी, तुरुंगातल्याची भेट ही यादी आपल्याला तोंडपाठ आहे. मात्र त्या प्रसंगाच्या रचनेकडे आपले दुर्लक्ष होते. उजवीकडे उभे राहिलेले लोक राजाचे बोलणे ऐकून चकित होतात. आपण राजाला केव्हा जेवू घातले, केव्हा भेटलो, हे त्यांना आठवत नाही; ते उलट त्यालाच विचारतात. डावीकडचेही चकितच होतात. म्हणजे सेवा केली त्यांना तिची नोंद नाही आणि टाळली त्यांनाही नोंद नाही. हिशेब ज्याच्याकडे आहे तो भुकेलेल्यांच्या बाजूने बोलतो. सेवेची कथा कोणी सांगावी, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर शुभवर्तमानात असताना, आपले चरित्रनायक मात्र पहिल्या पानापासून आपण कोणाची सेवा करीत आहोत हे पक्के जाणून असतात. त्यांना आश्चर्याचा धक्का बसण्याची शक्यता लेखकाने आधीच काढून घेतलेली असते. या अर्थाने आपले पुष्कळसे सेवावाङ्मय त्या अध्यायाचे पारायण करूनही त्याच्या विरुद्ध दिशेने चालते, असे म्हणणे आम्हांस भाग आहे.

येथे एका शब्दाकडे वळावेसे वाटते. आजाऱ्याच्या सेवेला आपण मराठीत शुश्रूषा म्हणतो. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. गुरूजवळ बसून ऐकू इच्छिणारा तो शुश्रूषू. पुढे त्या ऐकण्यातून आज्ञापालन आले, आज्ञापालनातून सेवा आली, आणि आपल्यापर्यंत येता येता त्या शब्दात केवळ औषध, पथ्य आणि अंथरूण बदलणे शिल्लक राहिले. ग्रीक शुभवर्तमानात सेवेसाठी जो ‘दियाकोनिया’ हा शब्द येतो, त्याला पंक्तीत वाढणाऱ्याच्या कामाचा वास आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात सात सेवकांची निवड झाली तीही कुरकूर ऐकल्यामुळे. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीकभाषक श्रद्धावंतांची तक्रार होती. प्रेषितांनी तिच्यात कृतघ्नता पाहिली नाही. त्यांनी व्यवस्था बदलली. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, ही गोष्ट बोलकी आहे. आपल्या किती स्मरणिकांमध्ये अशी एखादी तक्रार छापली गेली असेल?

ऐकण्यातून जन्मलेले सेवाकार्य म्हणून आपल्या परंपरेत पहिले नाव फादर थॉमस स्टीफन्स यांचे घ्यावे लागेल. १५७९ साली हा इंग्रज येशूसंघीय गोव्यात उतरला आणि १६१९ साली तेथेच वारला. मधली चाळीस वर्षे मुख्यतः साष्टीत गेली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीच्या स्तुतीसाठी नेहमी गौरविला जातो. आम्हांस त्याची चौकट अधिक महत्त्वाची वाटते. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की आम्हांला आमच्या भाषेत वाचायला पुराणे का नसावीत? या मागणीतून ग्रंथ उभा राहतो. परकी व्यक्ती देते, पण काय द्यायचे हे मागणारा ठरवतो. एवढेच नव्हे, तर ओवी हा त्याच्या ओळखीचा छंद, पुराण हा त्याच्या ओळखीचा प्रकार, हेही त्याच्याच बाजूने ठरते.

तरीही येथे हात आखडून लिहिणे बरे नव्हे. त्या प्रश्नकर्त्याला पुराणे उरली नव्हती, याचे कारण त्याच्या हातून ती गेली होती. साष्टीतील देवळे १५६७च्या सुमारास पाडली गेली, जुन्या धर्माच्या ग्रंथांवर बंदी आली आणि ज्या सत्तेने हे केले तिच्याच छत्राखाली स्टीफन्स काम करीत होते. ज्याची तहान भागवायची त्याची विहीर आपल्याच पक्षाने बुजविली आहे, अशा स्थितीतली ही सेवा आहे. स्टीफन्स यांच्या प्रांजळपणाविषयी आम्हांस शंका नाही आणि ग्रंथाच्या थोरवीविषयी तर मुळीच नाही. परंतु ‘ख्रिस्तपुराणा’वरील आपले बहुतेक गौरवलेख ही विहीर ओलांडून जातात. १६८४ साली स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध पोर्तुगीज फर्मान निघाले, ते सांगताना मात्र आपला स्वर दुखावलेला असतो. दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगता आल्या पाहिजेत.

आता ज्या पुस्तकासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली. मराठी आत्मचरित्रांत तिचे स्थान वादातीत आहे. आपल्या कॅथलिक वाचकवर्गात मात्र ती बरेच दिवस ‘त्यांची’ म्हणून, म्हणजे प्रॉटेस्टंटांची म्हणून, थोडी लांब ठेवली गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला (१९६२–६५) साठ वर्षे उलटून गेल्यावर तरी हा दुरावा राहू नये. सेवेविषयी मराठीत याहून सच्चे ख्रिस्ती लेखन आमच्या पाहण्यात नाही, आणि गंमत अशी, की लेखिका आपण सेवा करीत असल्याचा दावा कुठे करीत नाही.

पुस्तकाच्या आरंभी लेखिकेचे वडील, नाना, येतात. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने नानांना सोवळ्याने झपाटले. बाजारातून आलेली चीजवस्तू, अगदी मीठसुद्धा, धुऊन घेण्यापर्यंत त्यांची मजल गेली. हे सारे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. पण वाचकाच्या लक्षात येते, की देवाची सेवा माणसाला टाळून करू पाहिली म्हणजे घराचे काय होते, याचेच हे चित्र आहे, आणि त्याचे ओझे घरातल्या बायकांच्या पाठीवर आहे. लूकच्या शुभवर्तमानातील याजक व लेवी रस्त्याच्या पलीकडच्या कडेने निघून जातात, ते का, हे प्रभू सांगत नाही. लक्ष्मीबाई तो ‘का’ आतून दाखवितात, आणि तोही त्या माणसाविषयी कडवटपणा न धरता.

पुढे नारायण वामन टिळक येतात. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, तेव्हापासून सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. नंतर त्या पतीकडे आल्या, प्रथम आपले सोवळे सांभाळून. राहुरीत विचार करता करता जातिभेद माणसानेच केला आहे हे त्यांना उमगले आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम आमच्या मते पुस्तकाचा कणा आहे. आधी माणूस जवळ आला, विधी मागाहून आला.

टिळक संतवृत्तीचे होते, कवी होते आणि दाते होते. पैसा त्यांच्या हातात टिकत नसे; घरातली वस्तू मागणाऱ्याला द्यायला त्यांना क्षणही लागत नसे; पोरकी मुले, विद्यार्थी, होतकरू कवी कोणालाही ते घरी घेऊन येत. बालकवी ठोंबरे त्याच घरात राहिले. रूढ चरित्रकार येथे टिळकांच्या औदार्यावर थांबला असता. लक्ष्मीबाई स्वयंपाकघरात उभ्या राहून तेच औदार्य सांगतात, आणि एकदम प्रश्न बदलतो: आणलेल्या माणसाला जेवायला कोणी घातले? डब्यातले पीठ किती होते? त्या रागावतात, भांडतात, स्वतःला हसतात, टिळकांनाही हसतात. त्यांच्या भांडणात टिळकांचे मोठेपण उणे होत नाही, उलट खरे वाटू लागते. सेवकाची सेवा करणारे माणूस ख्रिस्ती वाङ्मयात प्रथमच बोलू लागले, असे आम्हांस हे वाचताना वाटते. बेथानीच्या मार्थेला शुभवर्तमानात एकच तक्रार करता आली आणि तिला सौम्य का होईना, समज मिळाली. मरियेने उत्तम वाटा निवडला, यात वाद नाही. पण त्या दिवशीचे जेवण मार्थेनेच रांधले असणार. आपल्या प्रवचनांतून मार्था ही नेहमी हरणारी बाजू असते. ‘स्मृतिचित्रे’ वाचून झाल्यावर तो उतारा पुन्हा वाचावा, अशी आमची वाचकांस शिफारस आहे.

काही समीक्षक लक्ष्मीबाईंच्या विनोदालाच सर्व श्रेय देतात. विनोद आहेच. पण केवळ विनोदाने हे साधले नसते. नजर ज्या ठिकाणी ठेवली आहे, ते ठिकाण निर्णायक आहे. धर्मग्रामाच्या इतिहासात चर्च कोणी बांधले, घंटा कोणी दिली हे आपण लिहितो. सणाच्या दिवशी पन्नास माणसांचे जेवण ज्या घरांतून आले, आजारी धर्मगुरूच्या खोलीत रात्र जागविणारी बाई कोण, संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद घरभेटीला गेले तेव्हा त्या घरात त्यांना काय ऐकावे लागले, हे लिहिण्याची आपल्याला सवय नाही. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये ही संस्था सुरू केली, तेव्हापासून दान पाठवून देण्यापेक्षा घरी जाऊन भेटणे हा तिच्या कार्याचा गाभा आहे. भेट म्हणजे दोन माणसांचे बोलणे. त्यातले एकाचेच बोलणे आपल्या अहवालांत उतरते.

हे पत्करणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. घेणाऱ्याला बोलू दिले तर तो नेहमी गोडच बोलेल असे नाही. संस्थांना देणगीदार सांभाळावे लागतात, आणि स्मरणिकेची पाने जाहिरातींवर उभी असतात. तरीही, ज्या लेखात कोणालाच काही खुपत नाही, तो लेख वाचून कोणी दुसऱ्याच्या दारी जाईल, असे आम्हांस वाटत नाही.

१९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर पतीकडून झाली होती. १९३६ साली त्या गेल्या, तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ही अपुरी राहिली आणि तिचा शेवट मुलाने, देवदत्तांनी केला. ‘ख्रिस्तायना’चे नाव निघाले की आजही आपल्या तोंडी प्रथम रेव्हरंड टिळक येतात.