मंदावणारी ज्योत आणि प्रेक्षकाची साक्ष

रहस्यनाट्याच्या प्रेक्षकाला ‘गुन्हेगार कोण’ एवढेच जाणून घ्यायचे असते, असे गृहीत धरून या नाट्यप्रकाराची गणना सर्रास दुय्यम रंजनात केली जाते. पॅट्रिक हॅमिल्टन यांचे ‘गॅसलाइट’ (१९३८) हे इंग्रजी नाटक या गृहीतकाला छेद देते. पतीचे कारस्थान येथे पहिल्या अंकातच उघड होते. तरीही प्रेक्षकाच्या मनावरील ताण ओसरत नाही. ब्रॉडवेवर १९४१ पासून ‘एन्जल स्ट्रीट’ या नावाने त्याचे १२९५ प्रयोग झाले, त्याची संगती केवळ उत्कंठेने लागत नाही.

या ताणाचे मूळ एका रंगसूचनेत आहे. पती घराबाहेर पडल्यावर खोलीतील दिव्याची ज्योत मंदावते. बेलाला तो आपल्या ढळत्या मनाचा भास वाटू लागतो. परंतु प्रकाश प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखतही उतरलेला असतो. कादंबरीच्या वाचकाला निवेदकाच्या शब्दावर विसंबावे लागते. येथे प्रेक्षक स्वतःच साक्षीदार ठरतो, मात्र बोलण्याचा अधिकार नसलेला. भयाची निष्पत्ती या असहायतेतून होते.

अखेरीस बांधून ठेवलेला पती सुटकेची याचना करतो, तेव्हा बेला वेडाचेच सोंग घेऊन ती नाकारते आणि प्रेक्षक सुखावतो. हे सुख विरेचनाचे की सूडाचे? पीडितेशी साधलेले तादात्म्य क्रौर्याच्या आनंदात कधी परिणत झाले, हे प्रेक्षकाला उमगतही नाही. रहस्य उलगडल्यानंतरही उरणारा काळोख तो हाच.