ध्रुवपदाशी परतताना

गाणं गोल फिरतं, गोष्ट पुढे सरकते. अंतरा संपला की गाणं ध्रुवपदाशी येऊन थांबतं. गोष्टीला मात्र आधीच्या प्रसंगाकडे अशी माघार घेता येत नाही. म्युझिक व्हिडिओची खरी कसोटी इथेच लागते.

१९९५च्या ‘मेड इन इंडिया’त केन घोषने यातून चतुर वाट काढली. राजकन्या अलिशा चिनॉय, एकेक नापसंत होणारे वर आणि अखेर लाकडी खोक्यातून अवतरणारा मिलिंद सोमण. स्वयंवरात नकार पुन्हा पुन्हा यायचाच, म्हणून ध्रुवपदही खटकत नाही. फाल्गुनी पाठकच्या व्हिडिओंत गायिका पडद्यावर दिसते ती नायिका म्हणून नव्हे, प्रेमकथेच्या कडेला उभ्या सूत्रधारासारखी. त्या भाबड्या गोष्टींना आज हसणाऱ्यांनी ही मांडणी जरूर पाहावी.

पण त्या काळातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं काम ‘मन के मंजीरे’चं. आवाज शुभा मुद्गल यांचा, शब्द प्रसून जोशींचे, संगीत शंतनू मोइत्रांचं. शब्दांत आहे मनाचा उल्हास. पडद्यावर आहे नवऱ्याचा जाच मागे टाकून ट्रक चालवणारी बाई, मीता वशिष्ठ. मारहाणीचा उच्चार गाण्यात कुठेच नाही. तो चित्राने केला, आणि त्यामुळे ध्रुवपद परततं तेव्हा तेच शब्द आधीइतके हलके राहत नाहीत. नुसतं ऐकलं तर ते आनंदाचं गाणं. पाहिलं तर तो आनंद केवढ्याला पडला तेही दिसतं.

मराठीला हे नवं नाही. बैठकीच्या लावणीत एकच ओळ घोळवत दर खेपेला निराळी अदा करतात: कधी लाडीगोडी, कधी रुसवा, कधी टोमणा. यमुनाबाई वाईकरांनी तर बसल्या जागी हे सारं उभं केलं. त्यांना ना ड्रोन लागला, ना पाऊस पाडणारं यंत्र.

आजच्या मराठी यूट्यूब गाण्यांत छायाचित्रण देखणं असतं, हे मान्य. पण शब्दात चंद्र आला की पडद्यावर चंद्र, शब्दात पाऊस आला की नायिका भिजलीच! नाहीतर दुसरं टोक: आधी दोन मिनिटं संवाद, मध्येच गाणं थांबवून अपघात, मग दवाखाना. १९८३ साली जॉन लँडिसने ‘थ्रिलर’ सुमारे चौदा मिनिटांपर्यंत ताणला, तोही गाणं तोडूनच. पण तिथे भयपटाची हौस हाच खेळ होता. आपल्याकडे गाणं केवळ पार्श्वसंगीत होऊन बसतं.

आता रील आलं. त्यात ध्रुवपदाचा तुकडा आणि एक हुकस्टेप एवढंच उरतं. अंतराच गळाला, तर परतायचं कुठून? काही संगीतकार आता अंतरा एकच ठेवतात आणि दिग्दर्शक त्या एका अंतऱ्यात अख्खं लग्न उरकतात.