गुणतक्ता सांगतो त्यापेक्षा आपण जास्त ऐकतो

मागच्या महिन्यात विभागातल्या शनिवारच्या चर्चेत मी एक वाक्य बोलून गेलो आणि गाईड मॅडमनी दोन शब्दांत मला खाली बसवलं. वाक्य असं होतं : "२०१३ ला गौरव गिल एपीआरसीचा चॅम्पियन झाला, म्हणजे त्या वर्षी आशिया-पॅसिफिकमधला सगळ्यात चांगला रॅली चालक तोच." मॅडमना रॅलीतलं काही कळत नाही, असं त्या स्वतःच सांगतात. त्यांनी विचारलं, "किती जणांपैकी?"

मी रॅलीचा जुना वेडा. तरी उत्तर येईना.

ज्यांना रॅली म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉर्म्युला वनसारख्या सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. जंगलातले, मळ्यांतले कच्चे रस्ते बंद करून त्यांचे टप्पे पाडतात, गाड्या ठरावीक अंतरानं एकेक सोडतात, आणि टप्प्यांची वेळ मिळवून क्रम लागतो. शेजारी सहचालक बसून पुढचं वळण वाचून दाखवतो. आशिया-पॅसिफिक रॅली चॅम्पियनशिप, म्हणजे एपीआरसी, ही अशा रॅल्यांची मालिका. १९८८ पासूनची. न्यूझीलंडमधलं व्हांगारे, ऑस्ट्रेलिया, मलेशिया, जपानचं होक्काइडो, चीन, आणि पुढे आपल्याकडे चिकमगळूरचे कॉफीचे मळे, असा तेव्हा तिचा फेरा असायचा. जिंकलं की २५ गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, असं खाली खाली. मोसमाच्या शेवटी बेरीज.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येऊ. त्या काळात गुण मिळायचे ते मालिकेत नाव नोंदवलेल्या चालकांनाच. व्हांगारेची रॅली न्यूझीलंडच्या राष्ट्रीय स्पर्धेचाही भाग असायची. म्हणजे त्याच शनिवारी, त्याच खडीवर, तिथले अव्वल चालक धावायचे, पण एपीआरसीच्या तक्त्यात ते नसायचे. तक्ता खोटं सांगत नाही. तो नोंदवलेल्यांविषयीच बोलतो, आणि वाचताना आपण तेवढा एक शब्द गाळतो. "पहिला भारतीय विजेता" हे वाक्य शंभर टक्के खरं. "आशिया-पॅसिफिकमधला सर्वोत्तम" हे वाक्य तक्त्यात कुठेच नाही, ते माझ्या डोक्यातलं.

नोंदणीची गोष्ट तशी लवकर समजते. खरी अडचण गाडीत आहे.

२०१२ ते २०१७ या सहा मोसमांचे विजेते बघा : ख्रिस ॲटकिन्सन, गौरव गिल, यान कोपेत्स्की, पॉन्टस टिडेमांड, गिल, परत गिल. एक ऑस्ट्रेलियन, एक चेक, एक स्वीडिश, आणि तीन वेळा आपला माणूस. देश वेगळे, वयं वेगळी, पण सहाही जण टीम एमआरएफचे आणि सहाही जण स्कोडा फाबियात बसलेले. आधी एस२००० होती, नंतर आर५ आली. २०१८ ला एमआरएफचा संघ नव्हता, तरी विजेता ठरलेला युया सुमियामा फाबिया आर५ मध्येच होता. संघ बदलला, चालक बदलला, गाडी तीच राहिली.

इथे घाईनं "मग सगळी गाडीचीच करामत" असं म्हणाल तर तीही तेवढीच मोठी चूक. चांगली गाडी चांगल्या चालकालाच मिळते. कारखाना आपली गाडी कुणाच्याही हातात देत नाही, आणि पैसे लावणारा संघ जिंकणाराच माणूस शोधतो. म्हणजे गाडी चांगली म्हणून चालक जिंकला, की चालक चांगला म्हणून त्याला ही गाडी मिळाली? नुसत्या गुणतक्त्यावरून हे सुटत नाही. दोन्ही गोष्टी प्रत्येक ओळीत एकमेकींना चिकटून येतात. तुमच्या कोर्सवर्कच्या पुस्तकात याला जे जड नाव आहे ते परीक्षेपुरतं पाठ करा. अर्थ एवढाच, की दोन कारणं कायम जोडीनं हिंडत असतील तर कुणाचा हात किती, हे लांबून दिसत नाही.

त्यांना वेगळं बघायची एकच जागा मला सापडली : संघातली दुसरी गाडी. तोच संघ, तीच बनावट, तेच टायर, तेच मेकॅनिक, फक्त चालक वेगळा. गिल या सहाही मोसमांत एमआरएफकडे होता. म्हणजे गिल विरुद्ध सगळे, असं न बघता गिल विरुद्ध शेजारची गाडी असं बघता येतं. ॲटकिन्सन, कोपेत्स्की आणि टिडेमांड यांच्या वर्षी तो मागे राहिला. एसापेक्का लापी (२०१३), फाबियान क्राईम (२०१६) आणि ओले क्रिस्टियान वेबी (२०१७) शेजारी असताना विजेतेपद त्याचं. तीन-तीन.

हे लिहून काढलं त्या रात्री मला झोप नाही. कारण लगेच एक सुंदर आकार दिसायला लागला. ॲटकिन्सन सुबारूच्या संघातून जागतिक स्पर्धा खेळून आलेला. कोपेत्स्की गिलच्याच वयाचा, मुरलेला. उलट लापी २०१३ ला बावीस वर्षांचा, क्राईम आणि वेबीही पोरसवदा. म्हणजे गिल अनुभवी माणसाकडून हरतो आणि नवख्याला हरवतो! शीर्षकसुद्धा सुचलं.

पण मग टिडेमांडचं काय करायचं? २०१५ ला तो चोवीस वर्षांचा होता आणि मोसम त्यानं नेला. लगेच माझं मन वकिली करू लागलं : तो २०१३ चा ज्युनियर विश्वविजेता होता ना, मग त्याला "अनुभवी" धरू. पोरांनो, संशोधनात माणूस नेमका इथे घसरतो. आकडे कुणी खोटे घालत नाही. न बसणारं एक उदाहरण बसवायला आपण व्याख्या हळूच ताणतो. सहा उदाहरणं आणि त्यातलं एक बसत नाही, एवढंच मला प्रामाणिकपणे म्हणता येतं.

लापीचं उदाहरण तर आणखी मोहात पाडणारं. पुढच्याच वर्षी, २०१४ ला, तो युरोपचा विजेता झाला आणि २०१७ ला त्यानं फिनलंडची जागतिक रॅली जिंकली. "अशा माणसाला गिलनं मागे टाकलं होतं!" हे वाक्य मीही मित्रांत टाळ्या घेत सांगितलंय. पण २०१७ चा लापी २०१३ च्या गाडीत नव्हता. चार वर्षांत माणूस शिकतो. तरी मला हा पुरावा पूर्ण फेकून द्यावासा वाटत नाही. तक्त्यातल्या पहिल्या क्रमांकापेक्षा तो जास्त वजनाचा आहे, एवढं माझं मत.

शेजारची गाडीसुद्धा अगदी तंतोतंत सारखी नसते, हे सांगायला हवं. खडीच्या रस्त्यावर पहिल्या गाडीला सुटे दगड झाडत जावं लागतं, मागच्याला रस्ता साफ मिळतो, त्यामुळे सुटायचा क्रमही वेळ खातो किंवा देतो. सहचालक वेगळा असतो. या बाबतीत गिलच्या बाजूनं एक गोष्ट आहे : २०१३ ला त्याच्या शेजारी ग्लेन मॅकनील होता, २०१७ ला स्टेफान प्रेव्हो. वाचून दाखवणारा बदलला तरी विजेतेपद आलं.

आता रॅलीवर एवढं का बोलतोय ते सांगतो. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण ठिबकवर आहे. वाळवा तालुक्यात ठिबक बसवलेल्या उसाचं एकरी उत्पादन पाटपाण्याच्या उसापेक्षा जास्त येतं, असा माझा तक्ता होता. सुबक आणि रंगीत. चर्चेत मॅडमनी माझं रॅलीचं वाक्य खोडलं आणि चहा पिताना सहज म्हणाल्या, "तुझ्या ठिबकवाल्यांचं रान आधीपासूनच चांगलं नव्हतं का रे?" होतं. खाऱ्या, चिबड रानात पैसे घालायला कोण जातो? ज्याचं रान कसदार, ज्याची पत सोसायटीत चांगली, त्यानंच आधी ठिबक बसवलं. माझी फाबिया म्हणजे ते कसदार रान होतं आणि मी सगळं श्रेय चालकाला देऊन मोकळा झालो होतो. प्रकरण परत आलं. दीड वर्षाचं काम.

म्हणून सध्या मी शेजारची गाडी शोधत फिरतोय : एकच शेतकरी, एकाच शिवारातली दोन वावरं, एकात ठिबक आणि दुसऱ्यात पाट. अशी घरं असतात, कारण पैसे एकदम जमत नाहीत, अर्धं रान आधी होतं. पण त्यांनी आधी कुठलं वावर निवडलं आणि का, हे प्रत्येकाला विचारावं लागतं. तो प्रश्न माझ्या पहिल्या प्रश्नावलीत नव्हताच. परवा एका काकांना विचारलं तर म्हणाले, "जे रस्त्याला लागून, ते. पाइप उतरवायला सोपं." वहीत हे उत्तर लिहिताना मला झालेला आनंद काकांना काही कळला नाही. ऊस तुटेपर्यंत अशी किती वावरं हाती लागतात, ते पुढच्या लेखात.