‘लाइव्ह’ म्हणजे कुठली रात्र?

आता ‘आयर्न मेडन’ घेऊ. त्यांची २००१ मधली रिओच्या महोत्सवातली मैफल ‘रॉक इन रिओ’ या अल्बममध्ये आहे. एकच रात्र, एकच गर्दी. ‘फिअर ऑफ द डार्क’मध्ये तर गिटारची सुरावट लोकच गातात बघा!

याउलट २००९ चा ‘फ्लाइट ६६६’. पहिलं गाणं आपल्या मुंबईतलं, फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल. आधी चर्चिलचं भाषण, मग लढाऊ वैमानिकांचं गाणं. ते संपलं की आपण थेट मेलबर्नला! पुढं सिडनी, मग टोकियो. वादन चोख आहे, मान्य. पण अशी सलग मैफल कुठल्याच गावी झालेली नाही. मग हे ‘लाइव्ह’ कसं? मुंबईकर श्रोत्याला पहिल्या बंदिशीनंतरच उठवलंय. भैरवी दुसऱ्याच गावाला.