बॉयलरखोलीतून चौकात

शिल्प म्हटले की आमच्या समीक्षकांच्या डोळ्यांपुढे संगमरवर तरी येतो, नाहीतर ब्राँझ. पत्रा, तार, नट-बोल्ट, रंगाचा डबा ही त्यांच्या लेखी कारखान्यातली सामग्री. ही विभागणी निरागस नाही. हाताने काम करणारा एकीकडे आणि त्या कामाला अर्थ देणारा दुसरीकडे, या जुन्याच वाटणीचा तो सौंदर्यशास्त्रातला अवतार होय. म्हणून अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डर (१८९८-१९७६) आपण आपल्या नजरेने पाहिला पाहिजे.

कॉल्डरचे आजोबा शिल्पकार, वडील शिल्पकार, आई चित्रकार. फिलाडेल्फियाच्या नगरभवनावरचा विल्यम पेनचा प्रचंड पुतळा आजोबांनी केलेला. तरीही हा मुलगा होबोकेनच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि १९१९ साली यांत्रिक अभियांत्रिकीचा पदवीधर झाला. पुढे आराखडे काढण्यापासून लाकूडतोडीच्या छावणीत मजुरांची वेळ नोंदण्यापर्यंत पडेल ते काम त्याने केले. १९२२ साली तो एका प्रवासी जहाजाच्या बॉयलरखोलीत होता. ग्वाटेमालाच्या किनाऱ्याजवळ पहाटे डेकवर जाग आली, तेव्हा एका बाजूला उगवता लाल सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र, असे दोन्ही त्याला एकदम दिसले. ते दृश्य तो जन्मभर विसरला नाही. १९२३ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये नाव घातले.

या वाटचालीला धाडस म्हणण्यापूर्वी एक नोंदवून ठेवले पाहिजे. आमच्या घरात पहिली पदवी आली ती माझी. ती बाजूला ठेवून तारा वाकवीत बसण्याची मुभा मला नव्हती. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांना आजही नाही. कॉल्डरला ती होती, कारण त्याच्या पाठीशी दोन पिढ्यांचे घर उभे होते.

पण त्याने नोकरी सोडली, विद्या सोडली नाही. १९३० साली पॅरिसमध्ये तो मोंद्रियानच्या स्टुडिओत गेला. भिंतीवरचे रंगीत चौकोन पाहून त्याला वाटले, हे हलले पाहिजेत. मोंद्रियानला ते पटले नाही. कॉल्डरने स्वतःच ते करून पाहिले. आरंभीची त्याची हलती शिल्पे हाताने किंवा मोटरवर फिरत. १९३१ मध्ये मार्सेल द्युशाँने त्यांना 'मोबाईल' हे नाव दिले. मग त्याने मोटर काढून टाकली आणि काम वाऱ्यावर सोपवले. लोंबत्या मोबाईलची जुळणी तो टोकाच्या सर्वांत लहान पत्र्यापासून सुरू करी. त्याचा तोल सापडला की वरची तार, मग तिचा तोल, असे वर वर जायचे. पोथीतून येणारे हे ज्ञान नव्हे. तराजू धरणाऱ्या कोणत्याही हाताला ते ओळखीचे वाटेल. रंगही मोजके: काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा. मधल्या छटांनी आकारांचा वेगळेपणा गढूळ होतो, असे त्याचे मत होते.

१९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या दालनात पिकासोच्या 'गेर्निका'समोर कॉल्डरचे पाऱ्याचे कारंजे होते. पारा अल्मादेनच्या खाणींतला, आणि फ्रँकोच्या सैन्याची नजर त्या खाणींवर. कारंज्याच्या टोकाला तारेत 'अल्मादेन' ही अक्षरे होती. बांधिलकी आणि रूप यांचे भांडण लावणाऱ्यांनी हे काम विसरू नये.

त्याची चौकातली अवाढव्य शिल्पे नंतरची. हातभर नमुना तो स्वतः करी. फ्रान्समधल्या तूर येथील बिएमाँ कारखान्यातले कारागीर तो वाढवत नेत आणि वाऱ्याने पत्रा वाकू नये म्हणून आधाराच्या उभ्या पट्ट्या जोडत. ग्रँड रॅपिड्स शहरातले 'ला ग्रांद व्हितेस' (१९६९) असेच उभे राहिले: ४३ फूट उंच, ४२ टन, भडक लाल. सरकारी कलानिधीच्या सार्वजनिक शिल्पयोजनेतले ते पहिले. गावात आधी कुरकुर झाली. पुढे त्याच शिल्पाचे चिन्ह नगरपालिकेच्या कचरागाड्यांवरही आले. शिकागोचे ५३ फुटी 'फ्लमिंगो' (१९७४) काळ्या सरकारी इमारतींपुढे लाल कमानीसारखे उभे आहे. त्याखालून कोणीही जावे. बोल्ट आणि जोड त्याने लपवले नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. मात्र ते बोल्ट आवळणाऱ्यांची नावे लोकांच्या तोंडी राहिली नाहीत. राहिले ते कॉल्डरचे.

याच कलावंताने १९७३ मध्ये ब्रॅनिफ कंपनीचे विमान रंगवून दिले. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध १९६६ साली वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देणारा आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी देऊ केलेले पदक नाकारणारा माणूसही तोच. त्याच्या मृत्यूनंतर, जानेवारी १९७७ मध्ये, त्याच्या कुटुंबानेही त्या समारंभावर बहिष्कार टाकला. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच त्याला वाचावे लागेल.

१९५५ साली कॉल्डर भारतात आला होता. साराभाई कुटुंबाचा पाहुणा म्हणून अहमदाबादेत राहिला आणि तिथे त्याने शिल्पे केली. गिरण्यांच्या त्या शहरात केलेली ती शिल्पे गिरणीमालकांच्या घरी राहिली.