‘भिडस्त’ : एका विशेषणाची तपासणी

मराठी समीक्षेत ‘संयत’, ‘अबोल’, ‘भिडस्त’ ही विशेषणे बरेचदा एकमेकांच्या जागी योजली जातात. त्यामुळे एक महत्त्वाचा भेद पुसला जातो. ‘मितभाषी’ बोलण्याचे माप सांगतो, ‘अबोल’ त्याचा अभाव. ‘घुम्या’ या शब्दात ऐकणाऱ्याचा संशय असतो. ‘भिडस्त’ मात्र केवळ स्वभावदर्शक नाही. त्याच्या मुळाशी ‘भीड’ आहे आणि भीड नेहमी कोणाची तरी असते. ती धरली जाते, चेपते, मोडते. शिवाय कामासाठी मोठ्या माणसाची भीड घालताही येते. म्हणजे संकोच आणि वजन दोन्ही एकाच नामात नांदतात. ‘भीड भिकेची बहीण’ या म्हणीत त्या संकोचाची किंमतही सांगितली आहे.

कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावातली बैठक कल्पून पाहावी. तिघे गप्प बसले आहेत. बागाईतदाराचे मौन धोरणी ठरते, नव्या मास्तरांचे भिडस्त, आणि मजुराचे घुमेपणाचे. दाराआड उभ्या असलेल्या बाईच्या मौनाला तर विशेषणही मिळत नाही. न बोलणे तेच. नाव मात्र बसण्याच्या जागेवरून ठरते.

डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ होते. यातील ‘मूक’ स्वभाव सांगत नाही, लादलेली स्थिती सांगतो. भीड धरायची तर आधी बोलण्याचा अधिकार असावा लागतो. पिशोर ज्या जिल्ह्यात आहे, त्याच्या मुख्य शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, मिलिंद महाविद्यालय उभे राहिले आणि पुढे गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ निघाले. हा अधिकार मिळवण्याचीच ती केंद्रे होती.

१९७८ मधील ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आणि दया पवार ही एकाच माणसाची दोन नावे समोरासमोर येतात. शिकून पांढरपेशा जगात आलेल्या माणसाला जी भीड पडते, ती त्या जगाची असते. ती उपजत नसते. दगडूच्या बोलण्याने ती चेपत जाते. अशा लेखनाला ‘संयत’ म्हणून गौरवणे किंवा त्याच्या शेजारच्या लेखनाला ‘भडक’ म्हणून दूर सारणे, या दोहोंत समीक्षक वाचकवर्गाची भीडच मूल्य म्हणून वापरत असतो. म्हणून हे विशेषण लिहिण्यापूर्वी लेखकाला कोणाची भीड पडली आहे, हे समीक्षेने विचारले पाहिजे. आणि ती आपलीच तर नव्हे, हेही.